लेहपासून घरापर्यंत तीन मुक्काम

माझं शेवटचं पोस्टिंग लेहच्या पुढं होतं. लेह ते पुणे सरळ रेषेत सुमारे साडेसतराशे किलोमीटर. दिल्लीत विमान बदलायचं. दोन्ही मिळून हवेतला वेळ साडेतीन तास. गावाकडनं फोनवर कुणी विचारलं की हा आकडा मी छातीठोकपणे सांगायचो. बिरू हसायचा.

नाईक बिरू माझ्याच प्लॅटूनमधला, आटपाडीकडचा. घरी मेंढरं. त्याचा अंतराचा हिशेब मुक्कामांत.

"गड्या, चालायचं किती ते सोड. थांबायचं किती ते इचार. आन् मुक्कामाला जित्राब एकलं सोडायचं न्हाई. येकानं जवळ बसायचंच."

मी उंब्रजचा, उसाच्या पट्ट्यातला. त्याच्या या शहाणपणावरून मी त्याला लय चिडवलंय.

फेब्रुवारीत आम्ही दोघं लेहच्या ट्रान्झिट कॅम्पात होतो. मी पोस्टवर परत चाललो होतो. बिरू दुसऱ्या दिवशी रजेवर निघणार होता, लेकीचं जावळ होतं. सकाळी अकराला थोरल्या भावाचा फोन आला.

"आईचं काय खरं न्हाई. तुझंच नाव घेतीया. कवा येतोस?"

"साडेतीन तासांचं तर अंतर हाय, दादा. सांजच्याला पोचतो."

बोलून गेलो. लेहची विमानं सकाळीच उडतात, दुपारी वारा सुटतो. त्या दिवसाची सगळी गेली होती. मला हे पाठ होतं, पण माझी मती गुंग झाली होती. बिरूनं फोन ओढून घेतला.

"दादा, ह्याचं ऐकू नका. तीन मुक्काम हायत. लेह, दिल्ली, पुणं. उद्या सांजच्याला येतोय. आईस्नी 'उद्या येतोय' म्हनूनच सांगा. आन् एकलं सोडू नका."

पलटणीच्या सीओसाहेबांनी फोनवरच माझी रजा मंजूर केली. पण दुसऱ्या दिवशीचं विमान भरलेलं. बिरू विमानातल्या जागा वाटणाऱ्या सुभेदारसाहेबांपुढं सावधानमध्ये उभा राहिला. साहेब कोल्हापूरकडचे.

"साहेब, माझ्या सीटवर ह्याला बसवा."

"आणि लेकीचं जावळ?"

"केसं काय, आनखी वाढतील."

सकाळी सात दहाला विमान उडालं. संध्याकाळी पावणेसहाला मी घराच्या उंबऱ्यात होतो. आईनं डोळे उघडले. "आलास व्हय रं?" म्हणाली. दोन दिवस माझा हात तिच्या हातात होता, मग ती गेली. दादा नंतर म्हणाला, "आज येतोय म्हणून सांगितलं असतं, तर वाट बघून तिनं त्याच रातीला धीर सोडला असता." ते दोन दिवस मला बिरूनं दिले. त्याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

बिरू दहा दिवसांनी घरी गेला. जावळ झालं. परत आल्यावर त्यानं फोटो अख्ख्या प्लॅटूनला दाखवला.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या गस्तीच्या तुकडीवर हिमकडा कोसळला. बिरू सर्वांत पुढं होता. चौथ्या तासाला सापडला. सीओसाहेबांनी त्याच्यासोबत मला पाठवलं.

रस्ता तोच. दिल्लीत धुक्यामुळं अठरा तास अडकलो. मला खोली दिली होती. मी त्याच्या पेटीशेजारी बाक ओढून बसलो.

आटपाडीच्या पुढं, त्याच्या वस्तीवर पेटी उतरवली. त्याचे वडील, तात्या, पुढं आले. तिरंग्यावर हात ठेवून उभे राहिले. मग माझ्याकडं बघितलं.

"किती मुक्काम झालं?"

"तीन, तात्या."

"कंच्या मुक्कामाला एकला तर न्हाई ना ठिवला?"

"न्हाई, तात्या."

त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि पेटीजवळ खाली मांडी घातली.

"ऊठ, लेकरा. जरा पाठ टेक. आता मी बसतो."