रुमालाखालचा भाव

लातूरचं आमचं घर कितीला विकलं गेलं, हे मला तीन आठवडे माहीत नव्हतं. घर दोघांच्या नावावर होतं. सौदा माझ्यासमोर, माझ्याच बैठकीत, माझ्याच हातचा चहा पिऊन झाला होता. तरी माहीत नव्हतं. तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांकडून उत्तरं मोठ्यानं वदवून घेतली, त्यामुळे उत्तर पोटात ठेवणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो. आमच्या ह्यांनी तर ते रुमालाखाली ठेवलं.

घर विकायचं कारण साधं होतं. मुलगी नांदेडला राहते. तिच्याच गल्लीत तळमजल्यावरचं एक छोटं घर निघालं, दोन खोल्या आणि पुढे हातभर अंगण. मी ते एकदाच पाहिलं आणि मनानं तिथं राहायलाही गेले. खिडकीला पडदे कोणत्या रंगाचे, इथपर्यंत ठरलं. आम्ही बयाना देऊन मोकळे झालो. आता लातूरच्या घराचे बेचाळीस लाख यायलाच हवे होते. एक्केचाळीस आले तर बयानाही गेला आणि घरही गेलं, कारण आमच्या वयाच्या माणसांना बँक कर्ज देत नाही, बसायला खुर्ची देते.

गिऱ्हाईक आलं देवणीकडचं. साठीचा धिप्पाड माणूस, डोक्याला पांढरा रुमाल, जन्म सगळा बैलांच्या बाजारात गेलेला. नात लातूरला क्लासला होती, तिच्यासाठी सगळं कुटुंबच इथं आणायचं चाललं होतं. ह्यांचंही गाव तिकडलंच. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत दोघांनी एकमेकांच्या सोयऱ्याधायऱ्यांची पार मुळं खणून काढली, गिऱ्हाईकाचे पाहुणे झाले आणि मला कळलं की आता व्यवहाराचं काही खरं नाही.

त्या माणसानं घर बैलासारखं पाहिलं, याला दुसरा शब्द नाही. आधी बाहेरून तीन फेऱ्या मारल्या. मग भिंतीवर थाप मारून कान लावला. दरवाजा उघडून बिजागऱ्यांत बोट घातलं. बोअर चालू करायला लावलं आणि पाण्याची धार आटते का, ते बघत खुर्ची टाकून दीड तास बसले. मधे एकदा तांब्याभर पाणी पिऊन म्हणाले, जरा मचूळ हाय. ते सोमवारीच येत. प्रत्येक सोमवारी नवीन माणूस बरोबर. एकदा जावई, एकदा व्याही, एकदा तर औशाचे कुणी ओळखीचे, जे बसस्टँडवर भेटले म्हणून आले होते. त्या ओळखीच्यांना आमचं स्वयंपाकघर अंधारं वाटलं.

तिसऱ्या सोमवारी त्यांनी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. सोळा भरल्या. पायऱ्या विषम पाहिजेत, म्हणाले. मी म्हटलं, घर बांधून बावीस वर्षं झाली, आम्ही सोळाच पायऱ्या चढतो आणि दोघंही जिवंत आहोत. ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं आणि दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तळाशी शहाबादी फरशीचा एक तुकडा बसवून घेतला. सतरा झाल्या. त्या सतराव्या पायरीला मी आठवड्यात चार वेळा ठेचकाळले.

चौथ्या सोमवारी पाहुण्यांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि ह्यांच्यापुढे हात केला. "मालक, आपल्यात तोंडानं भाव बोलायचा न्हाई," ते म्हणाले.

बाजारातली ही रीत मला ऐकून ठाऊक होती. रुमालाखाली हात घालायचे. घेणारा जितकी बोटं धरेल तितके दहा, सोडून पुन्हा धरेल ते सुटे. पटलं तर विकणाऱ्यानं मूठ मिटायची, नाही पटलं तर हात तसाच ठेवायचा. बाजूला उभ्या दहा जणांना काही कळत नाही. ह्यांना तर ही विद्या लहानपणीची. वडिलांबरोबर बाजारात कसे जायचे, कुणाला कसं बोटांवर खेळवलं, हे लग्नापासून मी शंभरदा ऐकलंय. त्यामुळे हे ऐटीत सरसावून बसले. आपण सरकारी कचेरीत जन्मभर कारकुनी केली, हे त्या क्षणी ते विसरले असावेत.

रुमालाखाली बराच वेळ खळबळ चालली. पाहुण्यांच्या कपाळावर घाम आला. आमचे हे मात्र शांत, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. इतका पक्का माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. शेवटी रुमाल निघाला. पाहुणे दमून म्हणाले, झाला सौदा. हे म्हणाले, झाला.

पाहुणे फाटकाबाहेर पडायच्या आत मी विचारलं, किती?

"चांगला झाला," हे म्हणाले.

चांगला म्हणजे किती? तर म्हणे, लिखापढी होईपर्यंत रुमालाखालचा आकडा तोंडानं बोलत नसतात, सौदा मोडतो. मी गोड बोलून पाहिलं. जेवताना अचानक विचारून पाहिलं. दोन दिवस अबोला धरला, तर तो ह्यांना मानवला. बेचाळीसच्या वर का खाली, एवढं तरी सांगा, म्हटलं, तर उठून झाडांना पाणी घालायला गेले. नांदेडहून मुलीचा रोज फोन येई. मी तिला सांगायची, आकडा गुप्त आहे. ती म्हणायची, आई, तुम्ही घर विकताय की बाँब बनवताय?

इकडे पाहुण्यांच्या मागण्या थांबेनात. झोपाळा राहू द्या, म्हणाले. मग पाण्याची टाकी. मग कूलर, मग परसातला कढीपत्ता, त्याचं एक रोपसुद्धा न्यायचं नाही या बोलीवर. आता मी काय उत्तर देणार? चव्वेचाळीस-पंचेचाळीस मिळाले असतील तर झोपाळाच काय, वर बसून झोके घ्यायला मीही राहीन. आणि चाळीस असतील तर भिंतीतला खिळासुद्धा उपटून नेईन. भावच माहीत नसताना घासाघीस कशी करायची? झोपाळ्याला मी हो म्हटलं, कूलरला नाही म्हटलं, आणि कढीपत्त्यावरून पाऊण तास भांडले. पाहुणे जाताना ह्यांना म्हणाले, बाई लई कडक हायत. हे म्हणाले, शाळेत होत्या.

इसारपावतीचा दिवस उजाडला. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली एक बाँडवाले कागद लिहून देतात, तिथं आम्ही गेलो. त्यांनी नावं लिहिली, चतुःसीमा लिहिल्या आणि पेन थांबवून विचारलं, रक्कम?

हे पाहुण्यांकडे बघून म्हणाले, पाहुणे सांगतील. पाहुणे म्हणाले, छे, मालकानंच सांगायचं. हे म्हणाले, तुम्ही थोरले. पाहुणे म्हणाले, घर तुमचं. असं चार-पाच वेळा झालं. मागं रांगेत उभी असलेली माणसं कुरकुर करायला लागली आणि बाँडवाल्यांनी पेनचं टोपण लावलं. माझा संयम तिथं संपला.

"अहो, एक आकडा सांगायला काय होतंय तुम्हाला?" मी सगळ्यांसमोर ओरडले.

ह्यांनी मान खाली घातली. "मला माहीत न्हाई," ते म्हणाले. "बोटं कळलीच न्हाईत मला. या हाताला दिवाळीपासून काही समजतच न्हाई. त्यांनी किती धरली, कधी सोडली, काही कळलं न्हाई. लई वेळ झाला, म्हणून मूठ मिटली."

साखरेचा आजार ह्यांना आहे, गोळ्या मीच देते. पण बोटं बधिर झालीत, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मला सगळ्यात आधी राग आला. त्याच्या पाठोपाठ भीती वाटली, कारण आता नांदेडचं घर त्या समोरच्या माणसाच्या जिभेवर होतं. ज्यानं कढीपत्त्याचं रोप सोडलं नाही, तो आता म्हणेल तो आकडा. छत्तीस म्हणाला असता तरी खोटं पाडायला आमच्याकडे कुणी नव्हतं.

पाहुण्यांनी रुमालानं तोंड पुसलं.

"मी पस्तीसपासून दाबायलो," ते म्हणाले. "तुमचा हात हलंना. म्हटलं, लई पोचलेला माणूस हाय. चाळीस केले, बेचाळीस केले, तरी तुम्ही आपले कॅलेंडरच बघायलाव. चव्वेचाळीसला मूठ मिटली." मग बाँडवाल्यांकडे वळून म्हणाले, "रुमालाखाली धरलेलं मी कधी फिरवलं न्हाई. लिहा चव्वेचाळीस." आणि कागदावर आकडा उमटायच्या आत माझ्याकडे बघून, "पर बाई, मग कूलर राहू द्या."

कूलर ठेवते म्हटलं. वर पत्र्याचं स्टँडही देते म्हटलं. मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची तिथल्या तिथं लाज वाटली. नांदेडचं घर आम्हाला मिळालं होतं, ते ह्यांची बोटं मेली म्हणून. सही करताना मी पाहिलं, पेन किती जोरात धरलाय ते ह्यांना कळत नव्हतं. आडनावाशी येता येता कागद फाटला. बाँडवाल्यांनी दुसरा काढला.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, मला का नाही सांगितलं? हे बाहेर बघत म्हणाले, तू पडद्यांचा रंग ठरवत होतीस. सांगितलं असतं तर तू घर सोडून दवाखाने धरले असतेस. मी म्हटलं, दवाखाने आता धरणार आहे, उद्याच जायचंय. ते बरं म्हणाले. एरवी दवाखान्याच्या नावानं वाद घालणारा माणूस नुसता बरं म्हणाला, तेव्हा मला खरं रडू आलं.

रिक्षावाला आरशातून बघत होता, म्हणून मी ह्यांचा हात मांडीवर घेतला आणि वर पदर टाकला. पदराखाली त्यांची तीन बोटं धरली, चांगली आवळून, आणि विचारलं, सांगा किती?

ह्यांनी विचार केला. वर्गात अभ्यास न केलेलं पोर करतं तसं माझ्या चेहऱ्यावरून उत्तर वाचायला बघितलं. मी चेहरा कोरा ठेवला.

"चार," ते म्हणाले.

"बरोबर," मी म्हणाले.