खिडकीशी जा

मेथी निवडत बसले होते तेव्हा रुबिनामावशींचा फोन आला. "बेटा, आपा गेल्या..." एवढंच म्हणाल्या. मी मात्र हातातली जुडी निवडून संपवली, धुऊनही ठेवली. रडू आलं ते काही आठवड्यांनी, शोकसभेत, आणि तेही हसता हसता.

मावशींची ही थोरली बहीण, त्यांच्या आपा, म्हणजे आमच्या शमीमबाई. शाळेत मराठी शिकवायच्या. संध्याकाळी आम्ही पाच-सहाजणी त्यांच्या इंदिरानगरच्या घरी जायचो. तिथे एकच कायदा होता. वापरून वापरून गुळगुळीत झालेली उपमा दिली, की उठून खिडकीशी उभं राहायचं आणि स्वतःची उपमा सापडली की मगच जागेवर यायचं. मी एकदा निबंधात आईचे हात लोण्यासारखे मऊ आहेत असं ठोकून दिलं. बाईंनी विचारलं, "आई काय करते गं?" म्हटलं, "द्राक्षबागेत विरळणीला जाते." "मग लोणी कुठून आणलंस? जा, खिडकीशी." मी फुरंगटून उभी राहिले. समोर शेवगा, वाळत घातलेले कपडे, एका बंद बंगल्याचं कुलूप... बऱ्याच वेळाने परत येऊन म्हणाले, "बाई, आईचे हात किसणीसारखे आहेत. गालावरून फिरले की टोचतात, पण तिने ते काढूच नयेत असं वाटतं." बाई चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "शब्द अपुरा पडतो तेव्हा माणूस उपमेकडे जातो. नटायला नाही जात."

बाकीचंही त्या खिडकीतूनच शिकलो. "मुलगा परत येईल म्हणून वाट बघणाऱ्या आईच्या कथेत हे कुलूप आलं, तर ते नुसतं कुलूप राहील का?" हे झालं प्रतीक. खाली एक काका कोथिंबिरीसाठी तावातावाने घासाघीस करत होते, तर म्हणाल्या, "काकूंनी सकाळीच घेतलीय. आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही. नाटकातला उपरोध तो हाच." अनन्वयावर मात्र त्यांचा राग. एखाद्या गोष्टीला तिचीच उपमा द्यायची, तिच्यासारखी तीच. "आळशाचा अलंकार आहे तो," म्हणायच्या.

शोकसभेत पहिल्या वक्त्याने बाईंना दीपस्तंभ केलं, दुसऱ्याने वटवृक्ष. मागून कुणीतरी पुटपुटलं, "खिडकीशी जा!" आणि आम्ही जुन्या मुली हसत सुटलो, मग कुणालाच रडू आवरेना. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली शिकून माझ्याकडे बाईंसाठी एक उपमा नव्हती. नुसतीच उभी राहिले आणि खाली बसले. ते फार लागलं.

म्हणून परवा त्यांच्या घरी गेले. "बस बेटा, चाय ठेवते," म्हणत मावशी आत गेल्या. मी कुणी न सांगता खिडकीशी उभी राहिले. शेवगा आहे, बंगल्याच्या जागी इमारत झालीय. कितीतरी वेळ शोधलं... चहा आला, गार झाला, तरी काही सापडेना. शेवटी वळून त्यांच्या रिकाम्या खुर्चीला म्हटलं, "बाई, तुमच्यासारख्या तुम्हीच."

आळशाचा अलंकार. माहीत आहे, बाई. पाठवा ना मला परत खिडकीशी...