काकांचं थांबणं

एकही गाणं मध्ये न थांबता शेवटपर्यंत नेणं ज्यांना उभ्या आयुष्यात जमलं नाही, असे शाहीर अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच होऊन गेले, आणि ते नेमके माझे चुलत सासरे निघाले. बायको त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही काकाच म्हणू लागलो. आवाज असा खणखणीत, की पेडगावात त्यांच्या डफावर थाप पडली की शिवारातली माणसं हातातलं काम टाकून गावाकडं वळत. गाणी सगळी स्वतः रचलेली आणि सगळी कुणाच्या तरी विरोधात: मापात मारणाऱ्या व्यापाऱ्याच्या, न येणाऱ्या यस्टीच्या, पाटाचं पाणी वळवून नेणाऱ्या पुढाऱ्याच्या. 'पाटाचं पाणी पुढाऱ्याच्या रानी, आमच्या घागरीला नुसती कहाणी' एवढं म्हणून काका पुढचं कडवं उचलणार, तोच त्यांची नजर गर्दीत कुठंतरी अडकायची. डफ थांबायचा. मागं उभे असलेले झीलकरी आपलं 'जी जी' अर्ध्यावर गिळायचे, आणि काका कुणाला तरी फर्मान सोडायचे.

सेलूच्या कापूस बाजारात एकदा सभा चांगली तापली होती. काका मध्येच थांबले आणि म्हणाले, "त्यो पांढरा बैल कुणाचा हाय? आधी त्येला सावलीत बांधा, मग माणसाचं दुःख ऐका." बैलवाला उठला, बैल बांधून आला, जागेवर बसला, तेव्हा कुठं व्यापाऱ्याचा उद्धार पुढं सुरू झाला. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांना ऐकायला गेलो आणि सहज घड्याळाकडं पाहिलं, तर वरून आवाज आला, "जावईबापू, घड्याळात काय दिसायलंय? हितं माणसं बसलीत, त्येंच्याकडं बघा." सगळं गाव वळून माझ्याकडंच बघू लागलं. त्यांच्या कार्यक्रमाला मी पुन्हा कधी घड्याळ घातलं नाही. जिंतूरला तर कहरच झाला. संध्याकाळच्या गाडीसाठी स्टँडवर धरणं धरलं होतं, आणि गाणं ऐन भरात असताना ती गाडी खरोखरच आली! माणसं पिशव्या उचलून उठली. काका गरजले, "बसा खाली! आपुन एका दिसाची यस्टी मागायलोत का रोजची?" माणसं बसली, गाडी रिकामी गेली, आणि सगळं धरणं गाणी म्हणत पायी गावाकडं निघालं. काकू वाटभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढं ती गाडी रोजची झाली, पण हे काकूंच्या तोंडून कबूल करून घेणं कुणालाच जमलं नाही.

बाकीचे थांबे लहरीवर असत, एक मात्र ठरलेला होता. आमच्याकडं बाया कार्यक्रमाला येतात त्या मागं, भिंतीच्या आडोशाला बसतात. पाण्याचं गाणं आलं की काका डफ खाली करत. "मागच्या बायांनो, म्होरं या. पाणी तुमी वाहायचं आन् गाणं गड्यांनी ऐकायचं? तुमी येईस्तोवर म्या थांबतो." आणि खरंच थांबत. पुरुष चुळबुळ करत, बाया एकमेकींना कोपरानं ढोसत, आणि शेवटी एकेक करून पुढं येत. येत नसत त्या फक्त काकू. "माझं काय, मला समदं पाठ हाय," म्हणून त्या भिंतीलाच टेकून राहत. गावोगावच्या बायांना पुढं आणणारा हा माणूस घरच्या आघाडीवर रोज हरायचा. एकदा मागं बघायचे, सुस्कारा सोडायचे आणि गाणं उचलायचे.

काका गेले आणि आम्ही नातेवाइकांनी, झीलकऱ्यांनी ठरवलं, की वर्षश्राद्धाला त्यांच्या गाण्यांचा अल्बम काढायचा. काही गाणी जुन्या कॅसेटींत होती, काही लोकांच्या मोबाइलमध्ये. परभणीचा स्टुडिओवाला मनापासून काम करणारा. त्यानं गाणी धुऊनपुसून लख्ख करून दिली. काकूंनी हो म्हटल्यावरच ती गावात वाजवायची, असं ठरलं होतं.

काकूंनी तोंडाला पदर लावून सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "आवाज त्येंचाच हाय. पण मदी कामून थांबत न्हाईत?"

मी कौतुकानं सांगू लागलो, की रागावणं, खोकला, रिकाम्या जागा, सगळं काढून टाकलंय.

"जायच्या आदल्या दिशी अंथरुणात असंच सलग म्हनले," काकू म्हणाल्या. "कुनाला बोलले न्हाईत, कुनाला उठवलं न्हाई. तवाच मला कळलं, आता हे राहत न्हाईत. त्येच वाजवणार का गावात?"

आम्ही अल्बम तसाच परत नेला. "लोकांना वाटंल मशीन बिघडलं," असं पुटपुटत स्टुडिओवाल्यानं काढलेलं सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं. बैल आला, माझं घड्याळही आलं.

वर्षश्राद्धाच्या दुपारी पेडगावात, मारुतीपुढं जिथं काका उभे राहत, तिथं खुर्चीवर स्पीकर ठेवला. वर्षभरात बाया पुन्हा भिंतीला जाऊन बसल्या होत्या. पाण्याचं गाणं आलं आणि डफ थांबला. "मागच्या बायांनो, म्होरं या..." शेवटी, "तुमी येईस्तोवर म्या थांबतो." आणि स्पीकर गप्प झाला.

कुणी हसलं नाही. मागं बांगड्या वाजल्या. एक बाई उठली, मग दुसरी, मग सगळ्याच पुढं येऊन बसल्या. भिंतीशी काकू एकट्याच उरल्या. माझी बायको त्यांच्याजवळ बसायला परत गेली, तर काकूच गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "चल बाई," म्हणाल्या, "लय येळ थांबलेत ते."

त्या अर्ध्या वाटेत होत्या, तेवढ्यात स्पीकरमधून डफ वाजला. म्हाताऱ्या झीलकऱ्यानं झटकन पुढं होऊन मशीन बंद केलं. "थांबा! काकू यायल्यात."

सगळं गाव थांबलं. काकू सावकाश आल्या, सगळ्यांच्या पुढं, खुर्चीसमोर मांडी घालून बसल्या, पदर नीट केला. मग मान वर करून त्या स्पीकरकडं बघत म्हणाल्या, "हं. म्हना आता."