एक महिना तेल बंद

हे लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप करून पुसलं. पण प्रमोदिनीकाकूबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून लिहून टाकते.

काकू रायपूरच्या चौबे कॉलोनीत राहते, माझ्या शेजारी. नवरा यशवंतराव रेल्वेतून रिटायर झाले आन् वर्षभरात त्यांचं पित्ताशय काढलं. डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिलं, तेल-तूप एक महिना बंद. काकूनं चिठ्ठी फ्रीजवर चिकटवली. महिना संपला, चिठ्ठी निघालीच नाही. सुरू करा असं कोणी म्हटलं नव्हतं ना! तीन वर्षं तशीच गेली. रविवारचा गोळाभात, म्हणजे बेसनाचे गोळे घातलेला भात, तोसुद्धा कोरडा, वरून गरम तेलाची फोडणी नाही.

"पोट भरून नाही राहिलं वं," चार पोळ्या खाऊन यशवंतराव म्हणायचे.

"अहो, जिभेले तेल पाह्यजे तुमच्या. पोटाचं नाव काहून घेता?"

ते हसायचे. तासाभरात मुरमुऱ्यांचा डबा वाजायचा.

मागच्या दिवाळीनंतर ते चार दिवसांच्या तापात गेले. काकू रडली नाही. स्वयंपाक दोघांचाच करत राहिली, कोरडा.

परवा रविवारी मी काकूकडेच होते, तेव्हा पुतणी ऋता आली. कॉलेजात आहारशास्त्र शिकते. फ्रीजसमोर थबकली.

"काकू, ये अभी तक? ही तर महिनाभराचीच होती!"

"मंग?"

ऋता बोलत सुटली. तेल-तूप आतड्यात उतरलं की आतडं रक्तात हार्मोन सोडते. ते पोटाले सांगते, हळू रिकामं हो. डोक्याले सांगते, आता पुरे. तेलच नसलं तर हा निरोप कमजोर पडते. सगळी तेलंही सारखी नाहीत. खोबरेल बरंचसं लवकर पचते, शेंगदाण्याचं, जवसाचं हळू, निरोपही जास्त पक्का. "काकाले थोडं थोडं चाललं असतं ना. पित्ताशय नसलं तरी पित्त तर लिव्हर बनवतेच."

काकूनं गॅस बारीक केला.

"म्हंजे खरंच भरत नव्हतं त्यांचं?"

ऋतानं हळूच मान हलवली.

"मी जीभ म्हटलं," काकू म्हणाली. आवाज तसाच, भाजीवाल्याशी बोलायचा.

मग तिनं शेंगदाण्याचं तेल तापवलं. मोहरी, लाल मिरच्या. दोन ताटं वाढली, गोळे कुस्करले. फोडणी आधी यशवंतरावांच्या भातावर ओतली, मग स्वतःच्या. खाली बसून जेवू लागली. अर्ध्यात हात थांबला.

"भरलं," ती म्हणाली. कोणाला सांगून राहिली, कळलं नाही.

ऋतानं चिठ्ठी काढायला हात नेला.

"राहू दे."

दुसरं ताट पाचपर्यंत तसंच होतं. तेल भातावर थिजत नाही, नुसतं खाली उतरते.

रायपुरात असाल तर येत्या रविवारीच काकूकडे जाऊन या. नंतर पाहू म्हणू नका. दुसरं ताट ती वाढतेच. बसून जेवा, आन् पोट भरलं की तिले तोंडानं सांगा, भरलं म्हणून.