सायबांच्या स्वभावाचं निदान

गंगाखेडच्या ज्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवलं, त्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. सगळे त्यांना सायेब म्हणत. वर्गात पोरं पेंगायची. पण स्टाफरूममध्ये मी सायबांच्या स्वभावावर बोलायला लागलो की सगळे कान टवकारायचे. सगळ्यांत मोठ्यानं हसायचा आमचा हेडक्लार्क. बौद्ध वस्तीत राहणारा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, नोकरीतला माझा एकमेव मित्र.

एका उन्हाळ्यात संस्थेच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक वारले. पोखर्णीकडच्या त्यांच्या गावी आम्ही दोघं गेलो. सायेब येणार म्हणून प्रेत दुपारपर्यंत अंगणात ठेवलेलं. बर्फाच्या लाद्यांचं पाणी लोकांच्या चपलांखाली आलं. सायेब आले आणि श्रद्धांजलीत स्वतःच्याच गरिबीवर बोलत राहिले. लहानपणी ते दोन कोस चालत शाळेला जायचे, हे आम्हाला पाठ होतं. त्या दिवशी त्याचे चार कोस झाले. मुख्याध्यापकांचं नाव मात्र त्यांनी चुकीचं घेतलं. कुणी दुरुस्त केलं नाही. भिंतीला टेकलेल्या मुख्याध्यापकांच्या बायकोनंही नाही.

परतताना स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. डोक्यात राग होता, म्हणून मी सुरू झालो.

"सायबांना दुसऱ्याचं मरणसुद्धा सोसत नाही," मी म्हणालो. "सगळे मेलेल्याकडं बघतात, हेच त्यांचं दुखणं. त्यांना माणूस आठवत नाही, पण कोण उठून उभं राहिलं नाही ते जन्मभर आठवतं." मग उभं राहून मी त्यांची नक्कल केली: हारासाठी मान पुढं, डोळे कॅमेऱ्याकडं.

मित्र पोट धरून हसला. "सर, सायबाला घरी मोठा आरसा बसवून द्या. मग गावोगाव हिंडायचं कामच न्हाई!"

समोरच्या बाकावरून कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. व्हिडिओत माझी फक्त पाठ होती. चेहरा मित्राचा होता आणि ते आरशाचं वाक्य त्याचं.

सोमवारी त्याला संस्थेच्या ऑफिसात बोलावलं. बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट घामानं चिकटलेला. मला म्हणाला, "मी तुमचं नाव घेतलं न्हाई. दोघांनी कशाला मरायचं?"

"मी जातो, सांगतो," मी म्हणालो. गेलो नाही.

आठवड्याभरात त्याची बदली वालूरच्या पलीकडं, संस्थेच्या वसतिगृहावर झाली. त्याची बायको लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. तिला शेजारणींवर सोडून तो जायचा आणि शनिवारच्या एसटीनं परत यायचा.

महिन्याभरानं सायबांनी मला बंगल्यावर बोलावलं. बराच वेळ ते पेपर वाचत राहिले. मग हसून म्हणाले, "सर, तुमची पाठ आमी वळखतो. पण तुमी पडले सोयरिकीतले. आता वाढदिवसाला आमच्या स्वभावावर तुमीच बोला. तुमचा अभ्यास हाय म्हणं."

मी बोललो. त्यांचा जो जो दोष मी हॉटेलात सांगितला होता, तो उलटा करून गुण म्हणून मांडला. गर्दीची भूक म्हणजे माणसांची ओढ. अपमान न विसरणं म्हणजे तल्लख स्मरणशक्ती. शब्द सहज सुचत गेले, याचीच मला जास्त भीती वाटली. सायबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मित्राची बायको गेली, आठवड्याच्या मधल्या वारी, तो वसतिगृहावर असताना. मी त्याच्या आधी त्याच्या घरी पोचलो. तो संध्याकाळी आला, खांद्यावर पिशवी तशीच. मला बघून म्हणाला, "कवा आलाव, सर?" आणि आत गेला.

बुद्धवंदना झाली, तिला पोचवून आलो. लोक पांगल्यावर मी त्याच्याजवळ बसलो. "माझं चुकलं," मी म्हणालो. "तेव्हाच जाऊन सांगायला पाहिजे होतं."

त्यानं तिच्या अंथरुणाची घडी घातली. मग म्हणाला, "तुमचं भाषण ऐकलं मोबाइलवर. लय चांगलं बोललात."

त्याच्या आवाजात मी टोमणा शोधला. सापडला नाही.

मी आता निवृत्त आहे. तो अजून तिकडंच आहे. बायको गेल्यापासून शनिवारीही येत नाही.