चित्र क्रमांक एकसष्ट

१३ सप्टेंबर १९९८ रोजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला सहाशे बारा दिनार पाचशे फिल्स मंजूर झाले. त्यातून एक स्कॅनर घ्यायचा, आखातातल्या या बेटावर झालेल्या गाण्यांची, नाचांची, नाटकांची जुनी छायाचित्रं संगणकावर चढवायची आणि डिसेंबरात प्रदर्शन उघडायचं, असा हुकूम होता. काम लतीफच्या गळ्यात पडलं. लतीफ रत्नागिरीकडचा, नोंदणी विभागातला कारकून, वय सत्तावन्न. दीड वर्षात व्हिसा संपणार होता. एक चित्र चढायला दहा-दहा मिनिटं लागत. तेवढा वेळ तो डोळे मिटून बसे.

विभागप्रमुख मसूदा मॅडम हैदराबादच्या. त्यांचा नियम एकच. "लतीफभाई, नाम नहीं तो फोटो नहीं. और दस्तखत भी चाहिए." चित्रात कोण आहे ते लिहायचं आणि त्याची किंवा त्याच्या घरच्यांची सही आणायची. मोती काढणाऱ्या होडीवर गाणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या नावासाठी लतीफ भर उन्हात तीनदा मुहर्रकला जाऊन आला होता. साठ चित्रं झाली, पण 'अज्ञात' हा शब्द त्यानं एकदाही टंकला नव्हता.

एकसष्टावं चित्र दाजींच्या पाकिटातून निघालं. दाजी कुडाळकडचे सुतार, राहायला गुदैबियात. पूर्वी कामगारांच्या कँपात ते दशावतार बसवत. लतीफनं त्यांच्याकडे मुखवट्यांचे फोटो मागितले होते. मुखवट्यांच्या खाली एक राणी निघाली. हिरवी नऊवारी, नाकात नथ, गालांवरून ओघळलेला रंग. लतीफनं फोटो पालथा घातला आणि फोन लावला.

"दाजी, हा कशाला घातलात?"

"मगे काय पेटयेत कुजवू? तू रडलंस तेव्हा आख्खो कँप रडलो. आता लाज वाटता तुका?"

"लेकीचं, अल्फियाचं लग्न जमवतोय, दाजी."

"मगे लिही, ती बाय कोण ता म्हायत नाय!" आणि दाजी खोकला येईपर्यंत हसले.

ती बाई म्हणजे लतीफच. १९७८ साली राणीचं काम करणारा गडी तार आली म्हणून गावी गेला. दशावतारात बोलणी लिहिलेली नसतात, ती जागेवर सुचावी लागतात. कँपातला टाइमकीपर लतीफ प्रत्येक तालमीला बसलेला, अंगानं सडपातळ, आवाज हलका. दाजींनी त्यालाच उभं केलं. लेक मागे ठेवून राणीला वनात जायचं होतं. त्याच आठवड्यात गावाहून अल्फिया झाल्याचं पत्र आलं होतं आणि पुढे दोन वर्षं रजा नव्हती. लतीफला काही सुचवून घ्यावं लागलं नाही.

आता तीच अल्फिया वीस वर्षांची झाली होती. स्थळ खिजरशेठच्या मुलाचं. खिजरशेठ रायगडचे, मनामात कापडाचं दुकान, माणूस फार काटेकोर. मुलगा याच विद्यापीठात शिकत होता. म्हणजे प्रदर्शन पहिल्याच दिवशी त्याच्या डोळ्यांखालून जाणार. 'अज्ञात' लिहिलं की प्रश्न मिटत होता. मॅडमच्या नियमानं चित्र बाद झालं असतं आणि कुणी विचारलंही नसतं.

लतीफ दोन दिवस ते चित्र सोडून बाकीची करत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं ते घरी नेलं आणि मुलीपुढे ठेवलं.

"हू इज शी, अब्बा?" अल्फियानं फोटो उजेडात धरला. "शी लुक्स लाइक मी."

"मीच तो. तू झालीस तेव्हाचा."

ती हसली नाही. तिनं फोटो परत त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "देन राइट युअर नेम."

"खिजरशेठ मोडतील."

"लेट देम, अब्बा. यू लुक टायर्ड. जेवा."

दुसऱ्या दिवशी लतीफनं स्वतःचं नाव टंकलं आणि संमतीच्या फॉर्मवर स्वतःच सही केली. वेशभूषेच्या रकान्यात लिहिलं: साडी, गंगूबाई यांजकडून.

प्रदर्शन उघडल्यावर चौथ्या दिवशी खिजरशेठ स्वतः आले. लतीफनं उठून खुर्ची दिली, संगणकावर चित्र लावलं आणि बाजूला उभा राहिला. खिजरशेठनी चष्मा लावून पडद्याला नाक टेकवलं.

"ही साडी कुणाची?"

"गंगूबाईंची. गुदैबियात एका शेठकडे मुलं सांभाळायच्या."

"इरकली आहे. काठच सांगतोय. परत केलीत?"

"पदरानं तोंड पुसलं, रंग निघाला नाही. नवी आणून देतो म्हणालो होतो."

"वीस वर्षं?"

"वीस वर्षं."

"तेव्हा सात दिनारला होती," खिजरशेठ उठत म्हणाले. "दुसऱ्याच्या मालाची जरा काळजी घेत जा, लतीफभाई. शुक्रवारी घरी या, तारीख काढू. काम मात्र चांगलं केलेलं दिसतंय."

लग्न एप्रिलात ठरलं. गंगूबाई १९८६ सालीच सावंतवाडीकडे परत गेल्या होत्या. त्यांचा पत्ता दाजींनाही ठाऊक नाही. साडीचे सात दिनार देणं बाकी आहे.