उभा केला की गप्प

अकोल्यात माईक आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात नीलम तायडेची वीस वर्षं गेली होती. पण माणसाएवढा उंच, चार तारांचा, बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रिक बास तिने पहिल्यांदाच पाहिला. तो दुरुस्तीला घेऊन आलेल्या वादक संघपालचा संध्याकाळी तेल्हाऱ्यात कार्यक्रम होता.

"नवीन बॅटरी टाकली ताई, तरी मधातच मुका होऊन राहिला."

मीटरवर बॅटरी पूर्ण भरलेली दिसत होती. टेबलावर आडवा ठेवला की बास घुमायचा, उभा केला की गप्प. नीलम स्क्रूड्रायव्हर उचलून थांबली. एवढं महागाचं वाद्य, उघडताना काही तुटलं तर?

"काहून थांबल्या?"

"मले भेव वाटून राहिलं," तिने खरं ते सांगितलं आणि मागचं झाकण उघडलं.

संघपालला बास उभा धरायला लावून तिने एकेक वायर चिमट्याने हलवली. बॅटरीची लाल वायर आवरणाच्या आतच तुटली होती. बास उभा केला की बॅटरी खाली सरकायची आणि तुटलेली टोकं सुटायची. तिने नवी वायर सोल्डर केली, बॅटरीभोवती फोम दाबून बसवला. उभा बास घुमला.

संघपाल गेला, तरी नीलमला जेवण गेलं नाही. नऊच्या सुमारास त्याचा फोन आला.

"शेवटपर्यंत वाजला, ताई."

मग तिने ताट वाढून घेतलं.